वाचकांचे प्रश्न : पॅलाडिन कोणत्या रांगेत?

प्रश्न : आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रं साकारत टेबलाभोवती खेळायचा खेळ २०१४च्या नियमांनी खेळतो. आता सातपुड्याच्या पायथ्याशी घडणारा स्वतःचा खेळ मांडायचा आहे. १२ क्लास (पात्राचा पेशा) आणि ९ रेस (पात्राचा वंश : माणूस, एल्फ वगैरे) यांचा तक्ता करायला घेतला, पण पॅलाडिनला (शपथबद्ध योद्धा) फायटरजवळ (लढवय्या) बसवायचं की क्लेरिकजवळ (पुजारी), यावरच घोडं अडलं. शिवाय भिल्ल, पावरा अशा रेस घ्याव्यात का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : एका रांगेत पॅलाडिन कधीच नीट बसणार नाही, कारण तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारताय : शक्ती कुठून येते, आणि लढाईत काम काय. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हे दोन्ही वेगळे लिहिले होते. पॅलाडिनची शक्ती दैवी, क्लेरिकसारखी. काम मात्र पुढे उभं राहून मार अडवायचं, फायटरसारखं. तेव्हा तक्त्याला शक्ती आणि काम असे दोन रकाने करा, वाद तिथेच मिटेल. कामाचा रकाना पेन्सिलीने भरा. उपक्लास आणि निवडलेले मंत्र यांनी तो बदलतो. चिलखत घातलेला क्लेरिक बिनदिक्कत पुढची फळी सांभाळतो.

तिसरा रकाना हिट डायचा, म्हणजे पात्र किती मार सोसेल ते ठरवणाऱ्या फाशाचा. बार्बेरियनला १२ बाजूंचा फासा. फायटर, पॅलाडिन, रेंजरला १०. सॉर्सरर आणि विझार्डला ६. बाकी सगळ्यांना ८.

चौथा रकाना मंत्रांचा, आणि चुका होतात त्या इथेच. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझार्ड हे नवव्या पातळीच्या मंत्रांपर्यंत जातात. पॅलाडिन आणि रेंजर पाचव्यापर्यंतच. वॉरलॉकला विझार्डच्या खणात टाकू नका. दुसऱ्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत त्याच्याकडे दोनच स्लॉट (मंत्र वापरायच्या संधी) असतात, पण ते छोट्या विश्रांतीतही भरून येतात. गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) दिवसभर लढाया लावल्या आणि तासाभराची विश्रांतीच दिली नाही, तर दोन मंत्रांनंतर वॉरलॉककडे फक्त स्लॉट न लागणारे छोटे मंत्र उरतात. मग क्लासच कमजोर आहे अशी समजूत होते. ती खरी नाही.

रेसच्या तक्त्यात फक्त शरीराच्या गोष्टी घ्या : आकार, वेग, अंधारातली नजर. ड्वार्फ, नोम, हाफलिंग यांचा वेग २५ फूट, बाकीच्यांचा साधारण ३०. माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न यांना डार्कव्हिजन (अंधारातली नजर) नाही. गुहेत उतरायचं तर त्यांना मशाल हवी. ती तासभर जळते. २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट अंधुक उजेड देते. डार्कव्हिजन असलेल्यालाही गडद अंधार अंधुक उजेडाइतकाच दिसतो, म्हणून नजरेने शोधायच्या पर्सेप्शनला (निरीक्षणाच्या चाचणीला) त्याने दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. हे बहुतेक टेबलांवर विसरलं जातं.

भिल्ल किंवा पावरा यांची रेस करू नका. ती आपल्या शेजारची माणसं आहेत; त्यांच्या नावापुढे ताकद अधिक, बुद्धी उणे असे आकडे मांडणं चूकच. बोली, हत्यार, जंगलाची ओळख हे सगळं बॅकग्राउंडमध्ये (पात्राच्या पूर्वायुष्याच्या नोंदीत) लिहा. तोरणमाळच्या पठारावर वाढलेल्या कुणालाही, मग तो एल्फ का असेना, ते मिळू द्या. चोपड्याकडचा ड्वार्फ अहिराणी बोलला तर उत्तमच. २०२४च्या नियमांनीही ताकद, बुद्धी अशा गुणांची वाढ रेसमधून काढून बॅकग्राउंडला जोडली आहे.

प्रश्न : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका जुन्या संचात ‘एल्फ’ हा क्लास म्हणून दिला आहे. छपाईची चूक का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : चूक नाही. १९८१च्या बेसिक नियमांत एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग हे क्लासच होते. एल्फला तलवार आणि मंत्र दोन्ही मिळत. त्याबदल्यात दुसरी लेव्हल गाठायला फायटरला २,००० तर एल्फला ४,००० अनुभवगुण लागत, आणि दहाव्या लेव्हलला त्याची वाढ थांबे. हा एल्फ उचलून २०१४च्या टेबलावर आणू नका. तिथे सगळ्या क्लासना अनुभवगुणांचा एकच तक्ता आहे, त्यामुळे दुहेरी ताकदीची किंमत कुठेच वसूल होत नाही. तसंच पात्र हवं असेल तर एल्फ रेस घ्या, फायटर क्लास घ्या आणि तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट हा मंत्र जाणणारा उपक्लास निवडा.