पेट्रोल संपलं की विमान पडतंच का?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो, दोन वर्षं झाली घराच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान बनवतोय. आपल्या अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बनवलं तेव्हा आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं, पण घरातलाच मुलगा बनवायला लागला की झोप उडते हो. तिकडे अशी विमानं पेट्रोल संपून उतरवावी लागतात असं ऐकलं. गाडीसारखा काटा नसतो का त्यात? आणि हवेतच संपलं तर काय?
— एक मावशी, ठाणे

उत्तर: ताई, काळजी रास्त आहे तुमची. काटा असतो, पण भरवशाचा असेलच असं नाही. कारखान्यात बनलेल्या विमानाचा काटा कसा असावा याचे नियम आहेत, घरी बनवलेल्याचं मात्र बनवणाऱ्याच्या हातात, काहींमध्ये तर काटाच नाही, टाकीला नुसती पारदर्शक पट्टी असते आणि त्यातून पातळी बघायची.

आता दोन गोष्टींची गल्लत होते ती आधी सांगतो. एक म्हणजे पेट्रोल खरंच संपणं, आणि दुसरं म्हणजे टाकीत आहे पण इंजिनापर्यंत पोचत नाही. जुन्या चेतकवर फिरलेल्यांना हे लगेच कळेल, स्कूटर बंद पडली की हात खाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि पुन्हा किक मारायची. विमानात डाव्या उजव्या पंखाच्या टाक्या वेगळ्या असतात आणि बऱ्याच विमानांत असाच कॉक फिरवून टाकी बदलावी लागते, फक्त तिथे कडेला थांबायची सोय नाही.

गायक जॉन डेन्व्हर असाच गेला, १२ ऑक्टोबर १९९७ ला, कॅलिफोर्नियात माँटरेच्या समुद्रात. विमान लाँग-ईझी जातीचं, बर्ट रुटान या अमेरिकन विमान-डिझायनरचं डिझाईन, दुसऱ्याच कुणीतरी घरी बनवलेलं आणि डेन्व्हरने नुकतंच विकत घेतलेलं. मूळ नकाशात हा कॉक पायलटच्या दोन पायांच्या मध्ये आहे, बनवणाऱ्याने तो बसवला पाठीमागे, डाव्या खांद्याच्या मागे. तिथे पोचायचं तर कंट्रोलवरचा उजवा हात सोडून तो डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा आणि अंग वळवायचं, आणि अंग वळवलं की उजवा पाय आपोआप रडरवर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्टीवर, दाबला जातो. पेट्रोलच्या पट्ट्या मागच्या सीटजवळ, त्यावर खुणाही नाहीत, पुढे बसलेल्याला दिसाव्यात म्हणून मेकॅनिकने त्याला हातात धरायचा आरसा दिला होता! टाक्यांत कमी आहे हे माहीत होतं, पण तासभरच उडणार म्हणून भरलं नाही. चौकशीत निघालं ते हेच, कॉक फिरवायच्या नादात रडर दाबला गेला आणि विमान हातातून सुटलं. पाचेकशे फुटांवर होता, सावरायला जागाच नव्हती. लोक म्हणतात पायलटची चूक, आणि पेट्रोल न भरणं ही चूक होतीच, पण मला त्या कॉकच्या जागेचाच जास्त राग येतो, कारण ती जमिनीवर असताना, निवांत वेळ असताना, बदलता आली असती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. सेस्ना १७२ सारखं साधारण छोटं विमान एक फूट खाली येताना नऊएक फूट पुढे जातं, म्हणजे तीन हजार फुटांवरून आठेक किलोमीटर मिळतात. त्यात शेत शोधायचं, विजेच्या तारा टाळायच्या, नांगरलेलं असेल तर सरींच्या दिशेने उतरायचं, जमलं तर वाऱ्याला तोंड करून. जीव जातो तो बहुतेकदा घाबरून कंट्रोलचा दांडा मागे ओढल्याने, नाक वर जातं, वेग मरतो आणि पंख उचल धरत नाहीत, म्हणून आधी नाक खाली आणि वेग सांभाळायचा. टेकऑफनंतर लगेच बंद पडलं तर मागे रनवेकडे वळायचा मोह होतो, कमी उंचीवर ते करायचंच नाही, समोर दिसेल तिथेच उतरायचं.

अमेरिकेत दिवसा उडताना ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावरही अर्ध्या तासाचं पेट्रोल उरेल एवढं घेऊनच निघायचं असा नियम आहे, रात्री पाऊण तासाचं. माझ्या मते तासाचं ठेवावं. भाच्याला फोन कराल तेव्हा एवढं विचारा, की पट्टा आवळून बसल्यावर डोळे मिटून कॉक हाताला लागतो का, आणि रिकाम्या टाकीत एकेक गॅलन ओतून पट्टीवर खुणा केल्यात का? विमानाला शेपटीकडे चाक असेल तर जमिनीवर ते नाक वर करून उभं राहतं, म्हणून त्या खुणा शेपटी उचलून, विमान उडताना असतं तसं ठेवूनही करायच्या, नाहीतर जमिनीवर एक आकडा आणि हवेत दुसरा. आणि टाकीला हवा जायची बारीक नळी असते, तीत किडे घर करतात, गॅरेजमध्ये दोन वर्षं उभ्या विमानात तर हमखास, तेवढं बघायला सांगाच.