दुसरा भाव

अगं,

तुझा मेसेज रात्री उशिरा पाहिला. सोमवारी बीकेसीत ट्रेडिंग कंपनीची मुलाखत, आणि तू दोनशे कोडी उत्तरांसकट पाठ करत बसली आहेस. हसणार नाही, मीही तेच केलं होतं. पण सलग दोन छापे पडायला नाणं सरासरी 6 वेळा उडवावं लागतं आणि छापा-मग-काटा यायला 4 वेळाच, हे आकडे ऐकून तिथे कुणी खूश होत नाही. लगेच विचारतात, फरक का? छापा-काटा हवा असेल, तर पहिल्या छाप्यानंतर पुन्हा छापा पडला तरी तू आहेस तिथेच उभी. दोन छापे हवे असताना मध्ये काटा पडला, की सापाच्या तोंडातून थेट पहिल्या घरात. एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर पाठांतर लागतच नाही.

खरी गंमत मार्केट मेकिंगच्या खेळात असते. एखाद्या आकड्याला घेण्याचा आणि विकण्याचा असे दोन भाव तू द्यायचे, समोरचा त्यातल्या हव्या त्या भावाला सौदा करतो, आणि खरा आकडा कळला की जेवढा फरक तेवढे रुपये नफा-तोटा. 2019 मध्ये लोअर परळच्या एका ऑफिसात मला विचारलं, "चर्चगेट ते विरार स्थानकं किती? भाव द्या." जन्म बोरिवलीत गेलेला, वाटलं लॉटरीच लागली. बोटांवर भराभर मोजली, 27 भरली. म्हटलं, 26 ला घेतो, 28 ला विकतो.

"28 ला घेतलं."

मी पुन्हा तोच भाव दिला. "घेतलं." तिसऱ्यांदाही तेच. मला वाटत होतं, आपण किती ठाम! स्थानकं निघाली 29. राममंदिर 2016 च्या डिसेंबरात सुरू झालेलं, ते माझ्या डोक्यात बसलंच नव्हतं, आणि नायगाव घाईत गळलं. तीन सौद्यांत तीन रुपये गेले, पाठोपाठ नोकरीही. मोजणी चुकली म्हणून नव्हे. तीनदा हात पोळूनही भाव हलवला नाही म्हणून.

दादरला मेथीची जुडी तीस रुपये सांगतात, तू वीसला मागतेस. बाई क्षणभरही न थांबता "घ्या ताई" म्हणाली, की पोटात धस्स होतं ना? पंधराला मागायला हवी होती! तेच धस्स तिथे कामाला लाव. तुझा भाव समोरच्याने चटकन उचलला, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असेल. त्याने तुझ्याकडून घेतलं तर पुढचा भाव वर सरकव, तुला विकलं तर खाली. तोही अंदाजानेच खेळत असेल तर थोडा, उत्तर माहीत असलेला वाटला तर चांगलाच. भीतीपोटी 10-50 असा ऐसपैस भाव मात्र देऊ नकोस. त्यात तोटा नाही तसा सौदाही नाही.

डीमॅटमधल्या नफ्याचा विषय स्वतःहून काढू नकोस. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. तू उरलेल्या सातांतली असशीलही, पण त्यात नशीब किती, हे पहिलं विचारतील. त्यापेक्षा तुझा फसलेला प्रोजेक्ट सांग. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर तपासताना झकास, आणि एसटीटी (सौद्यावरचा कर), ब्रोकरेज धरल्यावर हाती भोपळा. ते कसं सापडलं हे सांगताना तू कधी अडखळत नाहीस.

कुर्ल्याला उतरणार असशील तर रिक्षाच्या रांगेचा वेळ धरून नीघ.

संध्याकाळी फोन कर. निकालाचं नंतर बघू, आधी दुसरा भाव काय दिलास ते सांग.

तुझा,
काका