वाचकांचे प्रश्न : परदेशी विद्यापीठात इंग्रजी शिकवायचं आहे

परदेशी विद्यापीठांतल्या इंग्रजीच्या नोकऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची नजर आखाताकडे आहे, त्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

प्रश्न : एम.ए. (इंग्रजी साहित्य), नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. सहा वर्षं दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. ओमानमध्ये जागा मिळेल का? सीएचबीचा (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वाचा) अनुभव धरतात का? (लातूर)

आधी ती जागा कसली असते ते पाहू. मस्कतचं सुलतान काबूस विद्यापीठ असो, किंवा २०२० साली जुनी तंत्र महाविद्यालयं आणि उपयोजित विज्ञान महाविद्यालयं एकत्र करून झालेलं तंत्रज्ञान व उपयोजित विज्ञान विद्यापीठ असो, तिथल्या इंग्रजीच्या बहुतेक जागा फाउंडेशनच्या असतात. अरबी माध्यमातून बारावी झालेली मुलं पदवीच्या वर्गात बसण्याआधी इंग्रजी, गणित, संगणक आणि अभ्यासकौशल्यं शिकतात, तो हा टप्पा. सौदीत याला प्रिपरेटरी इयर म्हणतात. इथे शेक्सपिअरची गाठ पडत नाही. परिच्छेद कसा बांधायचा, लेक्चर ऐकता ऐकता टिपणं कशी काढायची, आलेख वाचून चार वाक्यं कशी लिहायची, हे शिकवायचं असतं. आठवड्याला साधारण १८ ते २० तास वर्ग, शिवाय तपासणी आणि ऑफिस अवर्स.

त्यामुळे ‘आधुनिक इंग्रजी काव्य शिकवलं’ ही ओळ बायोडेटात सगळ्यात वर असली, तर अर्ज मागे पडतो. एफ.वाय.चं सक्तीचं इंग्रजी, कम्युनिकेशन स्किल्स, इंजिनिअरिंग किंवा फार्मसीच्या मुलांचे तास हे तुमचं खरं भांडवल आहे. ते वर आणा आणि त्यासोबत मुलांची पातळी लिहा. ही पातळी युरोपीय मोजपट्टीवर म्हणजे ए-१ ते सी-२ अशी मोजतात. फाउंडेशनचं बरंचसं काम ए-१ ते बी-१ मध्ये चालतं. वर्गात किती मुलं, कोणतं पुस्तक, प्रश्नपत्रिका तुम्ही काढत होता का, हेही येऊ द्या. नेट एका ओळीत लिहा आणि सोडून द्या. मुलाखत घेणाऱ्याला तिचं वजन माहीत असेलच असं नाही.

पदवीबद्दल : जाहिरातीत बहुधा टेसॉल (इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र), उपयोजित भाषाविज्ञान किंवा इंग्रजी अध्यापनातलं एम.ए. मागतात. साहित्याचं एम.ए. असेल तर जोडीला अध्यापनाची पात्रता हवी. जाहिरातीतला ‘रेग्युलर’ हा शब्द मात्र नीट वाचा. दूरशिक्षणानं घेतलेली पदव्युत्तर पदवी आखातात अनेक ठिकाणी समकक्षतेच्या, म्हणजे आपली पदवी तिथल्या पदवीच्या बरोबरीची ठरवण्याच्या, टप्प्यावर अडकते. निवड झाल्यावरही अडकते, ही यातली वाईट गोष्ट.

आता सीएचबी. अनुभव धरतात, पण बहुतेक जाहिरातींना पूर्णवेळ अनुभव लागतो आणि आपल्याकडची प्रमाणपत्रं त्याबद्दल काहीच बोलत नाहीत. ‘यांनी आमच्याकडे २०१९ ते २०२५ या काळात समाधानकारक काम केले’ एवढ्यावर कोणीही वर्षं मोजणार नाही. प्राचार्यांकडून लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, असं पत्र घ्या : प्रत्येक शैक्षणिक वर्षाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे प्रत्यक्ष तास, विषय, वर्ग, पदनाम. नियुक्ती आठ-नऊ महिन्यांची असेल तर ती तशीच लिहून घ्या. मधला खंड झाकायला सलग तारखा टाकल्या आणि बँकेच्या पासबुकात मानधन त्या तारखांना जुळलं नाही, तर पडताळणीत अर्ज बाद होतो. एकाच वेळी दोन महाविद्यालयांत शिकवत असाल तर दोन्ही पत्रं जोडा. तासांची बेरीज पूर्णवेळेच्या जवळ जाते, आणि ही बेरीज अर्जात तुम्हीच मांडून दाखवायची.

मुलाखतीत डेमो असतो, तो पंधरा-वीस मिनिटांचा. आपले उमेदवार इथेच घसरतात, कारण ते समजावून सांगतात. ‘प्रेझेंट परफेक्ट म्हणजे काय’ यावर दहा मिनिटं बोलतात आणि समोर बसलेल्यांच्या तोंडून एकही वाक्य येत नाही. उलट करा : दोन वाक्यं फळ्यावर, त्यांवर तीन छोटे प्रश्न, मग जोडीनं करायचं काम, मग त्यांची चूक त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेणं. तुमचं बोलणं निम्म्या वेळेच्या आत ठेवा.

अरबीभाषक मुलांच्या चुकांबद्दलही विचारतात. ‘प’ हा ध्वनी प्रमाण अरबीत नाही, म्हणून ‘पार्क’चं ‘बार्क’ होतं. ऱ्हस्व स्वर लिपीत एरवी लिहीत नाहीत, म्हणून स्पेलिंगमधले स्वर गळतात. वर्तमानकाळात ‘आहे’सारखं क्रियापद लागत नाही, म्हणून ‘He teacher’ असं वाक्य तयार होतं. एवढं उदाहरणांसह सांगता आलं तर मुलाखतीचा सूर बदलतो.

वर्ष ऑगस्टअखेर-सप्टेंबरला सुरू होतं. जाहिराती साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये पाहा.

प्रश्न : कागदपत्रांचा क्रम काय? एजंट एका पदवीच्या साक्षांकनाचे आठ हजार सांगतो. (नाशिक)

मूळ पदवी प्रमाणपत्र आधी हातात हवं. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, प्रमाणपत्रावर भागत नाही. मग विद्यापीठाची पडताळणी, राज्य शासनाचं साक्षांकन (महाराष्ट्रात मुंबईला मंत्रालयातून) आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालय. ओमान, सौदी आणि बहरीन अपोस्टिल करारात (एका देशाचं साक्षांकन दुसऱ्यानं थेट मानायचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, सौदी डिसेंबर २०२२ पासून. तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलवर दूतावासाचा शिक्का लागत नाही. अमिराती, कतार, कुवेत करारात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचंही साक्षांकन लागतं आणि खर्च तिथेच वाढतो.

अपोस्टिलची सरकारी फी ५० रुपये प्रति कागद आहे. परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं, त्यामुळे थोडं सेवाशुल्क पडतं. आठ हजारांतला बाकीचा पैसा हेलपाट्यांचा. गावाहून मुंबईच्या तीन खेपा टाळायच्या असतील तर द्या, पण अपोस्टिलसाठी ‘दूतावासाची फी’ लावली असेल तर ती कशाची, हे विचारा.

काम कुठे अडतं? पहिलं, लॅमिनेशन. हौसेनं लॅमिनेट केलेल्या पदवीच्या पाठीवर शिक्का आणि स्टिकर बसत नाही. प्लास्टिक सोलायला गेलात तर शाई निघते. अशा वेळी विद्यापीठातून दुसरी प्रत काढणं बरं, आणि तिला लागणारे महिने आधीच हिशेबात धरा. दुसरं, नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी त्यापुढे आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची दहावी एका नावाची आणि पीएच.डी. दुसऱ्या नावाची. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर सगळीकडे भागत नाही. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र दोन्ही तयार ठेवा, आणि विवाह प्रमाणपत्राचंही अपोस्टिल करून घ्या. नवरा-मुलांचा व्हिसा काढताना ते पुन्हा लागतंच.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, पण सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी ते सहा महिन्यांच्या आतलं मागतात. उत्साहानं आधी काढलं तर पुन्हा काढावं लागतं.

प्रश्न : मुंबईतली एक संस्था दीड लाख मागते आहे. ‘आता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ म्हणते. (सांगली)

देऊ नका, जाऊही नका. भारतात परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. १८ टक्क्यांनी ते ३५,४०० होतात. परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, आणि क्रमांक चालू आहे का तेही पाहा. व्हिजिट व्हिसावर शिकवणं बेकायदा ठरतं. पगार अडला तर तक्रार करायलाही पाय रोवायला जागा राहत नाही.

करार विद्यापीठाशी आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीशी, हे सहीच्या आधी बघा. वर्ग तोच, पण कंपनीच्या करारात उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नसतो असं होऊ शकतं. मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहून घ्या. ओमान आणि अमिरातीत नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. पगार कोणत्या चलनात, हेही महत्त्वाचं. ओमानचा रियाल आणि सौदीचा रियाल डॉलरला बांधलेले आहेत. इथिओपियात अनेक भारतीय प्राध्यापक शिकवतात. तिथलं चलन बिर जुलै २०२४ मध्ये मोकळं सोडल्यावर धाडकन पडलं. तिकडचा करार असेल तर डॉलरमधला हिस्सा किती, हा पहिला प्रश्न.

प्रश्न : १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स पुरेल का? (कोल्हापूर)

विद्यापीठासाठी, नाही. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी अध्यापन प्रमाणपत्रातही १२० तासच असतात, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तासांचं, परीक्षकांनी पाहिलेलं अध्यापन असतं. जाहिरातीत ‘प्रत्यक्ष अध्यापनासह’ असं लिहिलेलं असतं ते यासाठी. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं सर्टटेसॉल हे प्रमाणपत्रही त्याच तोडीचं.

प्रश्न : कोरिया किंवा जपान? (पुणे)

कोरियात भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी. २०१० पासूनच्या भारत-कोरिया करारानं भारतीयांना एक वाट दिली, पण ती शाळांतल्या सहायक शिक्षकांपुरती. विद्यापीठात प्राध्यापकाच्या ई-१ व्हिसावर जाता येतं, त्यासाठी पीएच.डी. आणि शोधनिबंधांची तयारी हवी.

जपानमध्ये ठरावीक देशांच्याच पासपोर्टची अट नाही, पण दार अरुंद आहे. जागा जेआरईसी-इन या सरकारी पोर्टलवर येतात, वर्ष एप्रिलला सुरू होतं, जाहिराती उन्हाळ्यापासून शरदापर्यंत. एम.ए., तीनेक प्रकाशित लेख आणि बहुतेकदा जपानमधल्याच विद्यापीठाचा अनुभव मागतात. हा शेवटचा पेच सोडवायला लोक आधी अर्धवेळ काम धरतात. त्याचे पैसे ‘कोमा’वर, म्हणजे साधारण ९० मिनिटांच्या एकेका तासिकेवर, मिळतात. आपल्या सीएचबीचाच हा जपानी भाऊ. मात्र अर्धवेळ जागांसाठी बहुधा आधीच जपानचा राहण्याचा व्हिसा असलेला उमेदवार हवा असतो. कुटुंबासह तिथे राहणाऱ्यांसाठी, किंवा जपानमध्येच शिकलेल्यांसाठी ही वाट खरी.

प्रश्न : ऑगस्टअखेर रुजू व्हायचं आहे. भारतात कर लागेल का? (मडगाव)

नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत असतील तर तो अनिवासी ठरतो, आणि तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट हे १५३ दिवस झाले. म्हणजे मार्चअखेरपर्यंत घरी यायला २८ दिवस उरले. सेमिस्टरच्या सुट्टीला महिनाभर गोव्यात राहिलात की वर्षभर निवासी धरले जाल. तिकीट काढताना दिवस मोजा. विमानतळावरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्या. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.