फॅन पाहिला, फॅनला पाहिलं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच शब्दाभोवती फिरत होती, म्हणून सगळी जागा त्या शब्दालाच देते आहे. चित्रपटांची उपशीर्षकं मराठीत करणं हे माझं रोजचं काम. या शब्दाशी माझी गाठ आठवड्यातून एकदा तरी पडतेच.

प्रश्न : पंख्यालाही फॅन आणि चाहत्यालाही फॅन. माझा मुलगा म्हणतो, चाहते आवडत्या माणसाला वारा घालायचे म्हणून हे नाव पडलं. हे खरं का?

नाही. हे मुळात दोन निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजीत आल्यावर दोघांचा उच्चार सारखा झाला, एवढंच.

पंख्याचा फॅन आला खळ्यावरून. लॅटिनमध्ये ‘वान्नुस’ म्हणजे धान्य पाखडायची पसरट, उथळ टोपली. तिच्यावरून जुन्या इंग्रजीत ‘फान’ आला आणि त्याचा अर्थही तोच होता, पाखडायचं साधन. आपल्या भाषेत सूप! घामेजलेल्या माणसाला वारा घालायचं साधन हा अर्थ पुष्कळ नंतरचा.

लहानपणी आई पाखडायला बसली की मी समोर बसून बघायचे. मनगटाच्या एका झटक्यात दाणे वर उडायचे, सुपाची कड जराशी खाली यायची, आणि दाणे परत सुपात पडायच्या आत कोंडा पुढे निघून गेलेला असायचा. मग घोळणं, मग आसडणं, मग पुन्हा पाखडणं. प्रत्येक झटक्याला माझ्या तोंडावर एक बारीक झुळूक यायची. ती झुळूक मला अजून आठवते. त्यामुळे सुपाचा पंखा कसा झाला, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

चाहत्याचा फॅन मात्र देवळातून आला. लॅटिनमध्ये ‘फानुम’ म्हणजे देऊळ आणि ‘फानातिकुस’ म्हणजे देवळाशी संबंधित. पुढे देवाने झपाटलेला. अंगात येणं हा आपला वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळ जातो. त्यावरून इंग्रजीत ‘फॅनॅटिक’ आला, धर्माने पछाडलेला माणूस या अर्थाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलपायी वेड्या झालेल्या प्रेक्षकांना ‘फॅन’ म्हणायला लागले, तो याच शब्दाचा तुकडा, असं बहुतेक कोशकार मानतात. मुष्टियुद्धाच्या शौकिनांना पूर्वी ‘द फॅन्सी’ म्हणत, त्याचा हा तुकडा असावा, असंही एक मत आहे. मला पहिलं पटतं, कारण वेड हा अर्थ त्यात मुळापासून आहे.

गंमत म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. बॅट फिरवली, चेंडू हुकला आणि खेळाडू बाद झाला, तर तो ‘फॅन’ झाला असं तिथे म्हणतात. बॅटने नुसता वाराच घातला ना! हा पंख्याकडचा फॅन, आणि बघायला बसलेले ते देवळाकडचे.

प्रश्न : मी उपशीर्षकं लिहायला शिकते आहे. वाक्यात ‘फॅन’ तसाच ठेवला तर घोटाळा होईल का? दर वेळी ‘चाहता’च लिहायचं का?

सहसा घोटाळा होत नाही, आणि याचं श्रेय आपल्या व्याकरणाला आहे. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा : ‘तिने दारात फॅन पाहिला.’ ‘तिने दारात फॅनला पाहिलं.’ पहिल्यात कुणीतरी पंखा आणून ठेवलाय, दुसऱ्यात एक माणूस उभा आहे. कर्म जिवंत असलं की आपण ‘ला’ लावतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी होतं. निर्जीव वस्तूला आपण सहसा तसं करत नाही. इतकी बारीक खूण आपण बोलताना विचार न करता पाळतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणखी दोन खुणा आहेत. पंखा कायम पुल्लिंगी, त्यामुळे ‘ती फॅन’ म्हटलं की माणूसच. आणि अनेकवचन बघा. ‘खोलीत दोन फॅन लावले’ असं आपण म्हणतो, ‘दोन फॅन्स लावले’ असं कुणीच म्हणत नाही. मराठीत ‘फॅन्स’ फक्त माणसांचे होतात. इंग्रजीतला तो ‘स’ आपण उचलला आणि त्याला निराळंच काम दिलं.

पण या खुणा मराठी वाक्यात असतात, मूळ इंग्रजी वाक्यात नसतात. मध्यंतरी एका नवख्या अनुवादकाचं काम माझ्याकडे तपासायला आलं. त्यात एक ओळ होती : ‘पंखे आले आहेत, दार लावून घे.’ पुढचीच ओळ : ‘सगळ्यांना सही हवी आहे.’ त्याला चित्र दाखवलंच नव्हतं, नुसती संवादांची यादी हातात दिली होती. असं काम देणाऱ्यांचा मला राग येतो. तुम्ही चित्र मागून घ्या, नाहीच दिलं तर निदान पुढच्या दहा ओळी वाचल्याशिवाय आधीची ओळ पक्की करू नका.

आता ‘चाहता’. हा शब्द शांत आहे. पत्र लिहिणारा प्रौढ माणूस चाहता असतो. फाटकाबाहेर ओरडणारी सोळा वर्षांची मुलगी फॅनच असते, तिच्या तोंडी ‘मी तुमची चाहती आहे’ घातलंत तर ती एकदम चाळीस वर्षांची होईल. गाण्यासाठी ‘दर्दी’ आहे, नाटकासाठी ‘रसिक’ आहे. ‘क्रिकेटवेडा’ तर थेट मुळाशी जातो. आणि एखाद्या नटाचा ‘भक्त’ म्हटलं की आपण नकळत त्या जुन्या देवळात परत येतो.

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकात ‘पंखाकृती मैदान’ असं वाचलं. नदीचा पंख्याशी काय संबंध?

छताचा पंखा डोळ्यांपुढून काढा आणि हातातला घडीचा पंखा आणा. मुठीपाशी अरुंद, पुढे उलगडत गेलेला. डोंगरातून वेगाने उतरलेली नदी सपाटीवर आली की उतार कमी होतो, वेग पडतो, बरोबर आणलेला गाळ तिला पेलवत नाही. तो तिथेच पसरतो आणि नदी त्यावरून वाट बदलत राहते. बिहारमधली कोसी अशाच प्रचंड पंख्यावरून वाहते. सुमारे दोनशे वर्षांत ती शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली. संवादात माणसं ‘फॅन आउट’ झाली तर मात्र पंखा विसरा आणि सरळ ‘पांगली’ लिहा.

प्रश्न : माझी आजी हातपंख्याला ‘विंझणा’ म्हणायची. हा शब्द वापरला तर आज कुणाला कळेल का?

कळेल, आणि जरूर वापरा. संस्कृत ‘व्यजन’ झिजून विंझणा झाला. ‘पंखा’ आला पक्ष्याच्या पंखावरून, तो तर इंग्रजांनीही ‘पंका’ म्हणून आपल्या कोशात नेला. विंझणा मागे राहिला. गेल्या महिन्यात माझ्याकडे एक जुन्या काळातलं दृश्य आलं होतं : आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेली बाई, हातात पंखा, बोलता बोलता हात थांबतो. नवरा म्हणतो, थांबू नकोस. मी लिहिलं, ‘विंझणा थांबवू नकोस गं.’ तपासणाऱ्याने शब्दाखाली रेघ मारून विचारलं, हे काय? मी म्हटलं, एकदा चित्राबरोबर वाचून बघा. त्याने बघितलं आणि रेघ खोडली.