मंडळाचे 25 हजार आणि मुलीची चार वर्षं

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. किराणा मालाचं लहान दुकान आणि थोडी आंब्याची कलमं आहेत. वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, प्रवर्ग ओबीसी. मुलीला बारावी सायन्सला 74 टक्के मिळाले. सीईटीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) 61 आणि पीसीबीमध्ये (गणिताऐवजी बायॉलॉजी) 84 पर्सेंटाइल आहेत. आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, शिक्षण फंड आहे. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाणाऱ्या गावच्या मुलांना त्यातून वर्षाला 25 हजार मिळतात. माझे मोठे बंधू मंडळाचे खजिनदार आहेत. त्यांनी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची जागा बघून ठेवली आहे. फी वर्षाला 1 लाख 60 हजार, पण मुलींना आता फी माफ आहे. माफी हातात पडेपर्यंत लागतील त्या पैशांसाठी कलमं पाच वर्षांच्या कराराने द्यायची तयारी आहे. मुलगी डोंबिवलीला बंधूंकडेच राहील. तिच्या मनात रत्नागिरीला फिशरीजला (मत्स्यशास्त्राच्या पदवीला) जायचं आहे. शाळेच्या सहलीत झाडगावचं मत्स्यालय पाहिल्यापासून तिचं तेच चाललंय. पण आम्ही काही दर्यावर्दी नाही. मुलगी समजूतदार आहे, आम्ही सांगू ते ऐकेल. मंडळाच्या सभेत तिचं नाव जाहीर झालं आहे, आता शब्द फिरवता येणार नाही. कॉम्प्युटर घ्यावं की एआय, एवढं सांगावं.

उत्तर : नमस्कार. कॉम्प्युटर की एआय, हे मी सांगणार नाही. तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका वाक्याने मला अस्वस्थ केलंय. ‘मुलगी समजूतदार आहे, आम्ही सांगू ते ऐकेल.’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय, याची मला खात्री आहे. पण पुढच्या चार वर्षांत ती कशात अडकणार आहे ते बघा. राहायला काकांचं घर, पैसा काकांच्या हातातल्या फंडाचा, भर सभेत जाहीर झालेलं नाव, आणि मागे तिच्यासाठी कराराने दिलेली कलमं. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर ही मुलगी कुणाला सांगेल? काकांना सांगितलं तर मंडळात चर्चा होणार. तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला कलमं आठवणार. मग ती कुणालाच सांगणार नाही. समजूतदार मुलं नेमकी इथेच गप्प होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घरी कळतं तेव्हा विषयांचा ढीग साचलेला असतो. पीसीएमच्या 61 पर्सेंटाइलवर इंजिनिअरिंग जमतच नाही, असं मी म्हणणार नाही. मनापासून जाणारी मुलं घासून, रात्री जागून ते पार पाडतात. तिला तिकडे जायचंच नाही, आणि हे तुम्ही स्वतःच लिहिलंय.

मंडळाला दिलेला शब्द तुमचा आहे. तिने कुणाला शब्द दिलेला नाही. नाव मागे घ्यायला अध्यक्षांच्या नावाने चार ओळींचा अर्ज पुरतो. ‘मुलीने दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याचं ठरवलं आहे, ही मदत गावातल्या दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याला द्यावी.’ सभेत चार लोक कुजबुजतील. गणपतीला चाकरमानी आले की पुन्हा विषय निघेल, आणि तिथेच संपेल.

आता फी माफीबद्दल, कारण इथे तुमचा फार मोठा गैरसमज आहे आणि तो तुम्हाला लाखांत पडेल. राज्य सरकारने 8 जुलै 2024 च्या निर्णयाने, 2024-25 पासून, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असावं लागतं. तुम्ही त्यात बसता. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळली आहेत. बंधूंनी बघून ठेवलेल्या जागेवर तुमची मुलगी बसली की माफी गेली, आणि ती पुढच्या वर्षीही मिळणार नाही. मग हिशेब असा होतो : वर्षाला 1 लाख 60 हजार, त्यातून मंडळाचे 25 हजार वजा केले की 1 लाख 35 हजार तुमच्या खिशातून. चार वर्षांचे 5 लाख 40 हजार, आणि फी दरवर्षी तेवढीच राहिली तर. ज्या फंडाने तुमचा भार हलका करायचा, त्याच्या 1 लाखासाठी तुम्ही सव्वापाच लाखांहून जास्त खर्च अंगावर घेताय आणि सरकारी माफी सोडून देताय. कॉलेजच्या ऑफिसमधलं कुणी ‘बघू, करून घेऊ’ म्हणालं असेल, तर तेच कागदावर लिहून मागा. ते देणार नाहीत.

इंजिनिअरिंगच करायचं तर कॅपमधूनच करा, मिळेल त्या कॉलेजात, मिळेल त्या ब्रँचला. एवढं सांगून तो रस्ता मी बाजूला ठेवते.

‘आम्ही दर्यावर्दी नाही’ या वाक्यावर मी थोडी स्पष्ट बोलते. मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी होडी घेऊन समुद्रात जाळं टाकायला जात नाही. गेली तरी त्यात कमीपणा काही नाही, पण हा अभ्यासक्रमच वेगळा आहे. मत्स्यबीज, खाद्य, पाण्याची तपासणी, माशांचे रोग, प्रक्रिया उद्योग, निर्यातीची गुणवत्ता, असं चार वर्षं शिकायचं असतं. कोण कुठल्या जातीत जन्मला आणि त्याच्या आजोबांचा धंदा काय होता, यावर पदवी निवडायचे दिवस तुमच्या वडिलांच्या पिढीने मुंबईला जाऊन मोडून काढले. ते आता मुलीच्या वाटेत पुन्हा उभे करू नका. रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. तिने सहलीत पाहिलेलं झाडगावचं केंद्रही याच विद्यापीठाचं. पीसीबीच्या 84 पर्सेंटाइलवर तिने अर्ज भरून मेरिट यादीची वाट बघावी. फी माफीच्या निर्णयात मत्स्यव्यवसाय विभागाचे अभ्यासक्रमही येतात.

पुढे काय, हेही सांगते. मोठ्या पॅकेजची स्वप्नं इथे नाहीत. खासगी हॅचरी (मत्स्यबीज केंद्रं) आणि कोळंबी प्रकल्पांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि कामासाठी आंध्रपर्यंत जावं लागू शकतं. पण पदवीनंतर एमपीएससीतून मत्स्यव्यवसाय खात्यात, बँकांमध्ये कृषी अधिकारी म्हणून, किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाला जाता येतं. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज, वीज, विमा या बाबतीत हा धंदा करणाऱ्यांची वाट थोडी सोपी होणार आहे. तुमच्याच तालुक्यात, खाडीकाठी, याचा उपयोग करून दाखवणारी माणसं लागणार आहेत. मुलीला आधी शिरगावला घेऊन जा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी तिला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. परत आल्यावर तिचं मन तेच असेल तर प्रश्न मिटला. बदललं तर तेही ऐकून घ्या.

कागदपत्रांचं मात्र आजपासून बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेयर, अधिवास. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे अनेक पालक दुसऱ्या वर्षी विसरतात. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. रत्नागिरीच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात तिच्या अटी विचारून घ्या.

तुमचं पत्र बंधूही वाचतील म्हणून मंडळासाठी थोडं लिहिते. कोकणातल्या या मुंबई मंडळांबद्दल मला मनापासून आदर आहे. गिरणगावातल्या गावाच्या खोल्यांत एकेका वाडीची माणसं पाळीने झोपली, पगारातून वर्गणी काढली, आणि त्यातून गावाला शाळेची इमारत, पाण्याची टाकी, मुलांना वह्या मिळाल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा पगार गेला, तरी कित्येक गावांनी वर्गणी बंद केली नाही. त्या पैशाला हात लावताना फार जपायला हवं. म्हणूनच ‘फक्त डॉक्टर-इंजिनिअर’ हा नियम बदला. गावात आज नर्सिंगला, आयटीआयला, कृषी पदविकेला जाणारी मुलं आहेत, आणि तुमच्या फंडाची त्यांनाच जास्त गरज आहे. फी बऱ्याच ठिकाणी सरकार भरतं. अडतं ते वसतिगृहाचं डिपॉझिट, मेस, एसटीचा पास, वापरलेला लॅपटॉप, परीक्षांचे फॉर्म यांवर. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, ती याच अडचणीवर बोट ठेवून : शिकायला आलेल्या मुलाने राहायचं कुठे आणि जेवायचं काय. मंडळाने तेच करावं. आणि पैसे प्रवेशाच्या आठवड्यात, जून-जुलैमध्ये, थेट मुलाच्या खात्यावर द्यावेत. गुणगौरव समारंभ नंतर करा, पण स्टेजवर चेक देऊन मुलाला चार वर्षांच्या उपकाराखाली उभं करू नका. फंड आटत चाललाय अशी काळजी असेल तर मदत बिनव्याजी कर्जरूपात द्या, नोकरी लागल्यावर सवडीने परत घ्या. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी सुरू केला, तो कर्जरूप शिष्यवृत्तीच देतो आणि अजून चालू आहे. एक गोष्ट मात्र खजिनदारांनी स्वतःहून करावी : आपल्या पुतणीच्या अर्जावर निर्णय होताना खोलीबाहेर बसावं.

तुम्ही लगेच करायच्या गोष्टी दोनच. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेसाठी टोकन रक्कम भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर प्रवेश रद्द केल्यावर परताव्याचा नियम काय, ते कॉलेजकडून लेखी घ्या. आणि कलमांच्या करारावर सही करू नका, प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत तरी.

तुम्ही दोन पानं लिहिलीत, त्यात मुलीचं एकही वाक्य तिच्या शब्दांत नाही. तिला मला वेगळं पत्र लिहायला सांगा आणि ते न वाचता पाठवा. तिला मी तिच्याच नावाने उत्तर देईन.