‘उच्च दर्जाचा’ कर्करोग? टप्पा, श्रेणी आणि ग्रेड

प्रश्न असा आहे: मूत्राशयाच्या कर्करोगावरच्या एका माहितीपत्रकात ‘हाय ग्रेड, स्टेज १’चं ‘उच्च दर्जाचा, पहिल्या टप्प्यातील कर्करोग’ असं भाषांतर केलंय, ते बरोबर आहे का? आणि जोडप्रश्न: प्रोस्टेटच्या जुन्या रिपोर्टात ‘ग्लीसन ७ (३+४)’ होतं, नव्यात ‘ग्रेड ग्रुप २’ आहे, तर सातावरून दोनावर आलं म्हणजे आजार उतरला का?

आधी ‘उच्च दर्जाचा’ काढून टाका. ‘उच्च रक्तदाब’ चालतो, कारण दाब ही नुसती मोजण्याची गोष्ट आहे, वर गेला काय नि खाली आला काय. ‘दर्जा’ आणि ‘श्रेणी’ हे शब्द मात्र मुळातच कौतुकाच्या बाजूला झुकलेले. प्रथम श्रेणी, उच्च श्रेणी, श्रेणीवाढ. मराठी कानाला यात वाईट काही ऐकूच येत नाही. आणि इथे ग्रेड जितकी वरची तितक्या पेशी मूळ पेशींपासून दूर गेलेल्या, जास्त आक्रमक. ‘प्रतवारी’ हा शब्द वर्गीकरणाच्या क्रियेला चपखल बसतो, पण ‘वरची प्रत’ म्हटलं की पुन्हा तोच घोटाळा. माझं मत: ‘ग्रेड’ तशीच ठेवावी, स्त्रीलिंगी, आणि समजावून सांगताना लो ग्रेडला ‘मवाळ’, हाय ग्रेडला ‘जहाल’ म्हणावं. राजकारणाने घडवलेली ही जोडी इथे फुकट वाया जातेय. रिपोर्टात नको, पण पत्रकात आणि बोलण्यात ती एका दमात अर्थ पोचवते.

‘स्टेज’ला ‘टप्पा’ हा शब्द मला आवडतो, आणि त्याचं कारण बहुतेकांच्या मनात असतं ते नव्हे. टप्पा म्हणजे वाटेतला मुक्काम, हा एक अर्थ. दुसरा, ‘बंदुकीच्या टप्प्यात आला’ यातला: पोच, पल्ला. स्टेज नेमकं हेच सांगते, की गाठ कुठवर पोचली आहे. फ्रान्सच्या प्येर दनुआ यांनी १९४०च्या दशकात मांडायला घेतलेली टीएनएम पद्धत याच तीन गोष्टी विचारते: मूळ गाठ किती (टी), लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) गेली का (एन), दूरच्या अवयवात गेली का (एम). मुक्कामाचा अर्थ उलट जरा फसवा आहे. त्यातून ‘चारही टप्पे क्रमाने येणारच’ असं वाटतं. वृषणाच्या कर्करोगात तर चौथी स्टेज नाहीच. तिसरीवर मोजणी संपते, आणि तिथे रक्तातल्या खुणांचंही (ट्यूमर मार्कर) एक वेगळं अक्षर (एस) धरतात.

‘टी३’चं भाषांतर ‘तिसरा टप्पा’ असं करू नये. टी हा घटक आहे. टी, एन, एम मिळून स्टेज ठरते. प्रोस्टेटमध्ये तर ग्रेडही स्टेजमध्ये शिरली आहे: २०१८पासून वापरात आलेल्या, टीएनएमच्या आठव्या अमेरिकी आवृत्तीत ग्रेड ग्रुप ५ असेल, तर गाठ प्रोस्टेटच्या आतच असली तरी स्टेज तिसरी (३-सी) धरतात. म्हणजे दोन शब्द वेगळे ठेवा म्हणून सांगायचं आणि पद्धतीनेच त्यांची गाठ मारून ठेवायची!

आता सात आणि दोन. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६मध्ये ग्रंथींच्या रचनेचे पाच नमुने मांडले. सर्वांत जास्त दिसणारा नमुना आणि त्याच्या खालोखालचा, यांची बेरीज म्हणजे स्कोअर. कागदावर २ ते १०. पुढे खालचे अंक सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत (बायॉप्सीत) वापरातून गेले आणि ६ हाच प्रत्यक्षात सर्वांत मवाळ अंक उरला. पण दहापैकी सहा ऐकून कोणाला धीर येणार? शिवाय ३+४ आणि ४+३ दोन्ही सातच, आणि दुसरा पहिल्यापेक्षा बराच वाईट. म्हणून २०१४च्या तज्ज्ञ-सहमतीत १ ते ५ असे ग्रेड ग्रुप ठरले: ६ पर्यंत पहिला, ३+४ दुसरा, ४+३ तिसरा, ८ चौथा, ९-१० पाचवा. तेव्हा तुमचे ७ (३+४) आणि ग्रुप २ म्हणजे एकच गोष्ट. आजार उतरला नाही, चढलाही नाही, मोजपट्टी बदलली. उलटा प्रकारही होतो: २००५च्या बदलांत तिसऱ्या नमुन्यातल्या काही रचना चौथ्यात गेल्या, त्यामुळे फार जुन्या काचपट्टीवरचा ६ आज कोणी ७ वाचेल.

मूत्रपिंडात जुन्या-नव्या पद्धतींत अंक तेच, अर्थ वेगळा. १९८२ची फर्मन ग्रेड पेशीच्या केंद्रकाचा (न्यूक्लियस) आकार, घडण आणि आतली केंद्रिका (न्यूक्लिओलस) असं सगळं एकत्र बघायची. आताची पद्धत पहिल्या तीन ग्रेडसाठी फक्त केंद्रिका किती ठळक दिसते ते बघते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या क्रोमोफोब नावाच्या प्रकाराला तर ग्रेड देतच नाहीत, तेव्हा ती जागा कोरी दिसली तर टंकनदोष समजून भरू नका.

मूत्राशयात १९७३च्या १-२-३ ग्रेडऐवजी २००४मध्ये लो आणि हाय अशी विभागणी आली. जुनी ‘ग्रेड २’ त्यात दोन्हीकडे विखुरली, म्हणून तिचं सरळ रूपांतर होत नाही. भाषांतरात ग्रेडच्या अंकाशेजारी पद्धतीचं नाव किंवा साल ठेवा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘कर्करोग पहिल्या टप्प्यात आहे, म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला नाही, मात्र तो हाय ग्रेड, म्हणजे जहाल आहे, त्यामुळे परत उद्भवण्याची आणि खोलवर जाण्याची शक्यता जास्त.’ यातला ‘मात्र’ गाळू नका. मूळ भाषांतरात त्या जागी नुसता स्वल्पविराम आहे, आणि त्यामुळे दोन्ही बातम्या चांगल्याच वाटतात.