वाचक विचारतात: कोर्सचा फॉन्ट सरांनी ठरवायचा की कॉलेजने?

प्रश्न: मी सीनियर कॉलेजला मराठी शिकवते. आमच्याकडे मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. प्रत्येक जण वर्डमधून कॉपी-पेस्ट करतो त्यामुळे एकाच कोर्समध्ये चार प्रकारची अक्षरं, कुठे लहान कुठे मोठी. आता आयटी कमिटी म्हणते सगळ्या कॉलेजला एकच फॉन्ट, शिक्षकांनी हात लावायचा नाही. मला वाटतं मराठीच्या कोर्सचा डीफॉल्ट फॉन्ट मराठीच्या शिक्षकानेच ठरवावा. मी हट्ट करतेय का? — एक प्राध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर: नाही हो मॅडम, हट्ट कसला. पण कमिटीचंही अर्धं बरोबर आहे, म्हणजे ते भांडतायत ते योग्य गोष्टीसाठी, फक्त उपाय चुकीच्या ठिकाणी लावतायत.

आधी एक गंमत सांगते. समजा तुम्ही मराठी मजकूर सिलेक्ट केला आणि त्याला एरियल किंवा टाइम्स लावला. काय बदललं? मराठी अक्षरांचं काहीच नाही! त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच्चे, मग ब्राउझर एकेक अक्षर बघतो आणि जे सापडत नाही ते मशीनवर असलेल्या दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो. विंडोजवर ते निर्मला यूआय असतं (जुन्या मशीनवर मंगल), अँड्रॉइडवर बहुतेक नोटो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. तुम्ही स्टाफरूममध्ये बसून जे बघता ते विद्यार्थ्याच्या मोबाइलवर तसं दिसतच नाही. वर इंग्रजी शब्द मात्र एरियलमध्येच राहतात, त्यामुळे एकाच ओळीत मराठी बारीक आणि इंग्रजी मोठं असं काहीतरी चमत्कारिक दिसतं. म्हणजे आत्ता फॉन्ट तुम्हीही ठरवत नाही आणि कमिटीही ठरवत नाही, ज्याचा त्याचा मोबाइल ठरवतोय.

म्हणून माझं मत असं की कोर्सपुरता डीफॉल्ट शिक्षकाने निवडावा, पण तो चार-पाच तपासलेल्या फॉन्टच्या यादीतून, आणि वाक्यावाक्याला वेगळा फॉन्ट लावायची मुभा कुणालाच नको, तुम्हालाही नको. मूडलच्या टायनीएमसीई एडिटरमध्ये फॉन्टचा मेनू मुळातच दिलेला नाहीये, ते मला बरोबर वाटतं. तुमच्याकडची चार प्रकारची अक्षरं मेनूतून आलेलीच नाहीत, ती वर्डमधून मजकुराला चिकटून आलीत. पेस्ट करताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, नुसता मजकूर येतो. आधीचं जे साचलंय ते सिलेक्ट करून फॉरमॅटिंग काढून टाकायचं. कंटाळवाणं काम आहे, एखाद्या सुट्टीत बसून उरकून टाका.

आता कोर्सचा फॉन्ट लावायचा कसा. ‘या कोर्सचा फॉन्ट’ असं बटण मूडलमध्ये नाही. अ‍ॅडमिनने परवानगी दिली तर कोर्सला वेगळी थीम देता येते पण त्याने मेनू, रंग सगळंच बदलतं, फॉन्टपुरता तो उपद्व्याप आहे. सोपी वाट म्हणजे, मूडलच्या प्रत्येक पानावर त्या कोर्सचा नंबर क्लास म्हणून (म्हणजे कोडमधलं एक लेबल) लागलेला असतो, तुमचा कोर्स बारा नंबरचा असेल तर कोर्स-बारा. मूडलच्या नेहमीच्या बूस्ट थीमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रॉ एससीएसएसची (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडची) जागा आहे, तिथे अ‍ॅडमिनने त्या क्लाससाठी दोन-तीन ओळी टाकल्या की झालं, फक्त फॉन्टची फाइल कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवायला सांगा नाहीतर पुन्हा ज्याच्या मशीनवर फॉन्ट आहे त्यालाच दिसणार. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपला ही थीम लागत नाही, त्यासाठी वेगळ्या सीएसएसचा (तसल्याच कोडच्या फाइलचा) पत्ता द्यायची सेटिंग आहे. हे बहुतेक जण विसरतात आणि मग मुलं म्हणतात मॅडम आमच्याकडे तर काहीच बदललं नाही.

आणि आता खरी गोष्ट, जी कमिटीत कुणी काढणार नाही म्हणून तुम्हीच काढा. फॉन्टइतकीच महत्त्वाची आहे पानाची भाषा. आपला देठाचा श आणि पाकळीचा ल हिंदीपेक्षा वेगळा असतो हे मी तुम्हाला काय सांगायचं, मुलांना पहिलीपासून तोच गिरवायला लावतो. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत भरलेली असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला कळलं तरच मराठी रूप बाहेर येतं. कोर्स इंग्रजी किंवा हिंदी म्हणून सेट असेल तर हिंदीवाला श दिसणार आणि आपण बसणार फॉन्टला शिव्या देत. कोर्सच्या सेटिंगमध्ये भाषा सक्तीची करायची सोय आहे, तिथे मराठी निवडा. मराठीचा लँग्वेज पॅक अ‍ॅडमिनने आधी टाकलेला हवा, आणि हो, त्या कोर्सचे मेनूही मराठी व्हायला लागतील, काही इंग्रजीतच राहतील, थोडी खिचडी दिसेल, चालवून घ्या. ते नकोच असेल तर टीरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या. त्याची हिंदी आणि संस्कृत अशी वेगळी भावंडं आहेत त्यामुळे मराठीवाल्यात मराठी वळणच मिळतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही फुकट आहे. मुक्ता मोबाइलवर वाचायला मला आवडतो.

यादीत घ्यायच्या आधी प्रत्येक फॉन्टची परीक्षा घ्या. एक ओळ टाइप करा: दऱ्याखोऱ्यांत वाऱ्यावर, ॲसिड, ऑफिस, बाळ, राष्ट्र, शुद्ध, विद्वान, ज्ञानेश्वर. मग ती स्वस्तातल्या मोबाइलवर बघा, स्टाफरूमच्या मोठ्या स्क्रीनवर नको. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ झाला तर फॉन्ट बाद, डोंगरातून थेट समुद्रात! ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक भाषेच्या अक्षरांना ठरलेले कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत) २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. आणि ओळींतलं अंतर. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीसाठी ठेवलेलं अंतर आपल्याला गिचमिड होतं. अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, मी तर थोडं जास्तच ठेवते.

प्रश्न: माझ्या तीस वर्षांच्या नोट्स श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. कोर्सवर टाकल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आमच्या अ‍ॅडमिनला तो फॉन्ट डीफॉल्ट करायला सांगू का? — निवृत्तीच्या वाटेवरचे एक सर

उत्तर: सर, कृपा करून नको. तुमच्या फाइलमध्ये मराठी नाहीचये, आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच कोड आहेत, फक्त त्यांच्यावर मराठीचे मुखवटे चढवलेत. फॉन्ट डीफॉल्ट केला तर नोट्स दिसतील, पण कोर्समधलं बाकी सगळं इंग्रजी बिघडेल, शिवाय मुलांनी ‘ज्ञानेश्वर’ शोधलं तर सापडणार नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो कचराच मोठ्याने वाचून दाखवेल. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण एक आहे, कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास घोळ घालतात म्हणून नंतर एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं. तीस वर्षांचं सगळं एकदम करू नका, या सत्राला लागतं तेवढंच करा. तोवर पीडीएफ करून चढवा, फॉन्ट फाइलच्या आत घातला गेलाय ना तेवढं बघा. वाचता येईल, शोधता येणार नाही.

प्रश्न: आमची शाळा गूगल क्लासरूम वापरते, तिथे डीफॉल्ट फॉन्ट कुठून बदलायचा? — माध्यमिक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर: कुठूनच नाही. बोल्ड, इटॅलिक, अंडरलाइन, यादी, एवढंच. मजकूर डॉक्समध्ये लिहा आणि तो जोडा. डॉक्समध्ये फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’ मध्ये जाऊन लिपी देवनागरी निवडली की मराठी चालणारे फॉन्ट समोर येतात. एक परिच्छेद मनासारखा करा, फॉरमॅट मेनूतल्या पॅराग्राफ स्टाइल्समध्ये नॉर्मल टेक्स्टला तोच लावा आणि ‘माझी डीफॉल्ट स्टाइल’ म्हणून सेव्ह करा, पुढची प्रत्येक नवी फाइल तशीच उघडेल. चाचणी गूगल फॉर्मवर घेत असाल तर थीममध्ये प्रश्नाचा आणि मजकुराचा फॉन्ट बदलता येतो, पण तिथल्या यादीतला फॉन्ट मराठीवर खरंच बसतो का ते वरच्या दऱ्याखोऱ्यांच्या ओळीने तपासून घ्या.

प्रश्न: मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे एक सर सगळ्या नोट्स लग्नपत्रिकेसारख्या वळणदार फॉन्टमध्ये टाकतात, डोकं दुखतं. सांगायची हिंमत नाही. — नाव नको

उत्तर: हिंमत लागणारच नाही. लॅपटॉपवर फायरफॉक्स असेल तर सेटिंगमध्ये फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, वरती भाषेच्या जागी देवनागरी निवडा, तुला आवडेल तो फॉन्ट ठेव, आणि पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्यायची जी टिक आहे ती काढून टाक. लग्नपत्रिका संपली. काही साइटवर आयकॉनच्या जागी चौकोन दिसतील, तेव्हा टिक परत लाव. सर पीडीएफ टाकत असतील तर मात्र हा इलाज चालणार नाही, तेव्हा ‘सर, मोबाइलवर नीट दिसत नाही’ एवढंच सांग, फॉन्टचा विषयच काढू नकोस.